परदेशात स्वस्तात डेंटिस्ट व्हायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांनी आधी हे तपासावं

नीटचा निकाल लागला की बेळगावात कॉलेजांच्या आसपासच्या भिंती बोलायला लागतात. 'परदेशात बीडीएस, निम्म्या खर्चात', 'डोनेशन नाही', 'हॉस्टेल आणि भारतीय जेवणासकट'. एमबीबीएसला नंबर लागत नाही हे कळल्यावर हिरमुसलेलं पोरगं आणि 'वर्ष वाया नको' म्हणणारे आईवडील त्याच आठवड्यात एखाद्या कन्सल्टन्सीत जाऊन बसतात. पुढच्या आठवड्यात ॲडव्हान्स भरलेला असतो. मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे विचारायला येणारे पालक बहुतेक वेळा ॲडव्हान्स भरून झाल्यावर येतात. म्हणून भरण्याआधी काय बघायचं ते क्रमाने लिहितो.

पायरी पहिली: मुलगा पेशंट कुठे तपासणार, ते आधी ठरवा

देश, कॉलेज, फी हे सगळं नंतर. शिकून झाल्यावर खानापूरला दवाखाना टाकायचा आहे, गोव्यात नोकरी करायची आहे, दुबईला जायचंय की इंग्लंडला, याचं उत्तर आधी हवं. कारण दातांच्या डॉक्टरला नुसती पदवी पुरत नाही, नोंदणी लागते. नोंदणीशिवाय कुणाच्या तोंडात हत्यार घालता येत नाही, आणि प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी.

भारतात परत यायचं असेल तर परदेशी बीडीएसवाल्याला स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते. तिला एफडीएसटी म्हणतात आणि ती नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स घेतं. एमबीबीएसवाल्यांची एफएमजीई सगळ्यांना ठाऊक असते, दातांचीही तशीच परीक्षा आहे हे मात्र पुष्कळ पालकांना एजंटच्या टेबलावर पहिल्यांदा कळतं, आणि कधीकधी तिथेही कळत नाही. पास व्हायला निम्मे गुण लागतात. दुसरी अट अशी की तुम्ही घेतलेली पदवी ज्या देशातली आहे, त्या देशात डेंटिस्ट म्हणून नोंदणीला चालणारी असली पाहिजे. कॉलेज म्हणालं की 'ही पदवी खास परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे', तर तिथेच थांबा.

त्यात कायदाही बदलतो आहे. इतकी वर्षं 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टखाली डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया कारभार बघत आली. 2023 मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा केला. त्यात देशातल्या आणि परदेशातून शिकून आलेल्या, दोघांसाठीही एक्झिट टेस्टची तरतूद आहे. आज जाणारा मुलगा पाच-सहा वर्षांनी परत येईल तेव्हा त्याच्यापुढे जी परीक्षा असेल, ती आजच्यापेक्षा वेगळी असू शकते. एजंटने 'परीक्षा सोपी असते हो' म्हटलं, तर कोणत्या वर्षाची परीक्षा म्हणतोय ते विचारा.

आखात किंवा इंग्लंडचं स्वप्न असेल तर आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. इंग्लंडची ओआरई, ऑस्ट्रेलियाची एडीसीची परीक्षा, कॅनडाची एनडीईबीची, यांना भारतातल्या मान्यताप्राप्त कॉलेजचा बीडीएसही बसू शकतो. दुबईत डीएचएचं (तिथल्या आरोग्य खात्याचं) लायसन्स घेताना पदवीची पडताळणी डेटाफ्लो नावाच्या कंपनीमार्फत होते आणि कामाचा अनुभव विचारतात. म्हणजे बेळगावात शिकलेल्यालाही ते दार उघडं आहे. 'परदेशातली पदवी आहे म्हणजे परदेशात लगेच नोकरी' हे वाक्य जाहिरातीत शोभतं, नोंदणीच्या ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही.

पायरी दुसरी: घराशेजारचे पर्याय खरंच संपलेत का?

माझ्या मते हीच पायरी लोक सगळ्यात जास्त घाईने ओलांडतात, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो.

एमबीबीएस आणि बीडीएस यांची परिस्थिती सारखी नाही. एमबीबीएसला इथे जागा मिळत नाही म्हणून मुलं बाहेर जातात, ते समजू शकतं. बीडीएसच्या जागा मात्र देशात पुष्कळदा रिकाम्या राहतात. 2020-21 च्या प्रवेशात जवळपास 7000 जागा रिकाम्या होत्या, आणि नीटची पात्रता 10 पर्सेंटाइलने खाली आणायला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत नंबर लागला नाही म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. शेवटच्या फेरीपर्यंत, अगदी उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. एजंट नेमका त्याच्या आधी 'सीट बुक करा' म्हणून मागे लागतो, हे लक्षात असू द्या.

बेळगाव शहरातच दोन डेंटल कॉलेजं आहेत: केएलईचं विश्वनाथ कत्ती इन्स्टिट्यूट आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर इन्स्टिट्यूट. धारवाडला एसडीएम, गोव्यात बांबोळीचं सरकारी डेंटल कॉलेज, कोल्हापूर-सांगलीकडे आणखी काही. कर्नाटकात सरकारी जागा बेंगळुरू आणि बळ्ळारीला आहेत. खासगी कॉलेजातसुद्धा केईएमार्फत (कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणामार्फत) भरली जाणारी सरकारी कोट्यातली जागा आणि मॅनेजमेंटची जागा यांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अभिमत विद्यापीठांचं कौन्सेलिंग वेगळं, केंद्राच्या एमसीसीकडून (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून) होतं. सरकारी कोटा, मॅनेजमेंट आणि अभिमत अशा तीनही ठिकाणी अर्ज न करताच 'इथे काही मिळालं नाही' म्हणणारे मी पाहिलेत.

आता खास आपल्या सीमाभागाची गोष्ट. आपली मुलं दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडतात. केईएकडे कर्नाटकच्या कोट्यातून जायचं तर साधारणपणे पहिली ते बारावीत किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथली लागते. महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास महाराष्ट्राचा. आता एखाद्या मुलाची दहावी चिकोडीला झाली आणि नीटच्या क्लाससाठी बारावी लातूरला. कर्नाटकातून तो बसेल, पण महाराष्ट्रातून नाही. सातवीपासूनच कोल्हापूरच्या बोर्डिंगात घातलेल्याची गत आणखी अवघड, त्याची इथली वर्षंच 7 भरत नाहीत. पहिलीपासूनचे शाळेचे दाखले समोर घेऊन वर्षं मोजा. हे काम संध्याकाळी अर्ध्या तासात होतं, पण ते कुणी करत नाही.

याच फटीसाठी महाराष्ट्राने एक वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांत काही मोजक्या जागा राखीव असतात. महाराष्ट्रात प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तकात त्याला 'एमकेबी' म्हणतात. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात त्यातून जागा मिळाली, तर परदेशातलं कुठलंच 'स्वस्त' तिच्या जवळपास येत नाही. जागा फार थोड्या आहेत, चुरस आहे, हे खरं. पण आपलं गाव यादीत आहे हे माहीत असूनही अर्जात तो रकानाच न भरलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चाला घरचे सगळे जातात आणि या रकान्याची कुणाला खबर नसते, हे बघून वाईट वाटतं.

पायरी तिसरी: देश

इतकं करूनही बाहेरच जायचं ठरलं, तर आता देश बघू. सगळे मांडत बसत नाही. इथे ज्यांची नावं जास्त ऐकू येतात तेवढेच घेतो.

नेपाळ जवळचा. अभ्यासक्रम आपल्यासारखाच, पण आपल्या 4 वर्षांऐवजी साडेचार वर्षं आणि वर 1 वर्षाची इंटर्नशिप. पेशंटशी नेपाळीत बोलायचं, आणि देवनागरी वाचणारं मराठी मूल ती भाषा लवकर उचलतं. भारतीय आणि नेपाळी रुपयाचा दर 1 ला 1.60 असा बांधलेला आहे, त्यामुळे विनिमयाचा त्रास कमी. मात्र परदेशी विद्यार्थ्यांची फी डॉलरमध्ये लावतात का, ते आधी विचारा. लावत असतील तर तो फायदा गेलाच.

जॉर्जियात अभ्यासक्रम 5 वर्षांचा, वर्गातली भाषा इंग्रजी. पेशंट मात्र जॉर्जियन बोलतो, आणि त्या भाषेची लिपीसुद्धा वेगळी. फिलिपाइन्समध्ये आधी 2 वर्षं प्री-डेंटल, मग 4 वर्षं डेंटल, अशी 6 वर्षं लागतात. जाहिरातीत कधीकधी फक्त पुढची 4 दाखवतात. इंग्रजी सगळीकडे चालते, हे तिथलं मोठं सोयीचं.

रशियात 5 वर्षं. क्लिनिकमध्ये रशियन लागतेच. 2022 पासून तिथल्या बऱ्याच बँकांवर निर्बंध आहेत, त्यामुळे फी पाठवणं हाच एक उद्योग होऊन बसतो. युक्रेनचं नाव आता कुणी घेऊ नये.

जर्मनीची चर्चा हल्ली फार ऐकू येते, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. फी नाही हे खरं आहे. पण शिक्षण जर्मन भाषेत, सी1 म्हणजे बरीच वरच्या पातळीची जर्मन हवी, आपल्या पीयूसीवर (बारावीवर) सहसा थेट प्रवेश मिळत नाही म्हणून आधी श्टुडिएनकॉलेगचं, म्हणजे विद्यापीठाआधीच्या तयारीचं, एक वर्ष लागतं, आणि डेंटलच्या जागांसाठी जर्मन मुलांचीच झुंबड असते. शिवाय राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो (2024 पासूनचा आकडा) दाखवावे लागतात. हुशार, चिकाटीच्या आणि दोन वर्षं भाषेला द्यायची तयारी असलेल्या मुलासाठी हा चांगला रस्ता आहे. नीटमध्ये कमी मार्क पडले म्हणून शोधायची पळवाट मात्र नव्हे.

पायरी चौथी: कॉलेजला नव्हे, तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा

डेंटिस्ट्री हाताची विद्या आहे. वरची दाढ आरशात बघून कोरायची असते. आरशात उजवं-डावं पालटतं, आणि हातातला एअरोटर (दात कोरायचं यंत्र) मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेत असतो. पहिले काही महिने हात नेमका उलट्या बाजूला जातो. टायपोडॉन्टच्या प्लास्टिकच्या दातांवर ते जमलं तरी खऱ्या तोंडात जीभ मध्ये येते, लाळ साचते, पेशंट मान हलवतो. हे पुस्तकात शिकता येत नाही आणि उशिरा शिकलं तर हाताला वळण लागत नाही.

म्हणून प्रॉस्पेक्टसमधली इमारत बघू नका. तिथे शिकणाऱ्या, कन्नड-मराठी-हिंदी काहीही बोलणाऱ्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोला. एजंटने जोडून दिलेला मुलगा नको, तुम्ही स्वतः शोधलेला हवा. त्याला विचारा: आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती दात काढलेस? रूट कॅनाल किती? पूर्ण कवळी किती जणांची केलीस? नुसतं सरांच्या मागे उभं राहून बघितलेलं मोजायचं नाही. मग विचारा की पास व्हायला ठरवून दिलेल्या कामांचा कोटा पुरा करायला पेशंट कॉलेज देतं की तुलाच शोधून आणावे लागतात. फिलिपाइन्समधल्या बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थीच पेशंट गाठतात, कधी त्यांच्या येण्याजाण्याचा खर्चही करतात. स्थानिक मुलाला काका-मामा मिळतात, आपल्या मुलाला तिथे कोण? कोटा अडकला की वर्ष अडकतं, आणि वर्ष अडकलं की स्वस्त पदवी महाग होते.

हत्यारांचंही विचारा. टायपोडॉन्ट, हँडपीस, आर्टिक्युलेटर, फोर्सेप्स, इंप्रेशनचं मटेरियल यातलं काय कॉलेज देतं आणि काय स्वतःच्या खिशातून आणायचं. डेंटलच्या मुलांचा हा खर्च मोठा असतो आणि फीच्या कागदावर तो बहुधा नसतो.

'डब्ल्यूएचओ मान्यता' असा शिक्का दाखवला तर हसून सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही. आणि डब्ल्यूडॉम्स नावाची जी यादी दाखवतात, ती मेडिकल कॉलेजांची आहे, दातांच्या पदवीला त्याचा उपयोग नाही. भारतातल्या नियामकाकडे (डेंटल कौन्सिल किंवा तिच्या जागी येणारं कमिशन) मात्र ईमेलने लेखी विचारा: अमुक देश, अमुक विद्यापीठ, पदवीचं अमुक नाव, शिकून आल्यावर परीक्षेला बसता येईल का, आणि जाण्याआधी काही पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागेल का? लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. आणि बाहेरच जायचं पक्कं असलं तरी नीट द्या, पात्र व्हा, तो निकाल फाइलला लावून ठेवा.

पायरी पाचवी: हिशेब

एजंट फीचा आकडा सांगतो. तुम्ही आकडा काढायचा तो मुलगा पहिल्या नोंदणीकृत पेशंटसमोर बसेपर्यंतचा. शिकवणीची फी, हॉस्टेल, जेवण, विमा, व्हिसाचं दरवर्षीचं नूतनीकरण, हत्यारं, वर्षातून एकदा येण्याजाण्याचं तिकीट (बेळगावच्या सांबरा किंवा गोव्याच्या मोपा विमानतळावरून धरा, त्यात दिल्ली-मुंबईचा टप्पा बहुधा येतो), परत आल्यावर स्क्रीनिंगचा क्लास, परीक्षेची फी, आणि पास होईपर्यंत घरी बसलेल्या मुलाचा खर्च. इंटर्नशिप तिथे अभ्यासक्रमातच आहे की इथे करावी लागेल, हेही.

वर डॉलर. समजा फी वर्षाला 4000 डॉलर, 5 वर्षांचे 20,000. डॉलर 60 रुपयांना होता, 2014 च्या सुमारास, तेव्हा हे 12 लाख झाले असते. 2024 मध्ये 84 च्या दराने तेच 16 लाख 80 हजार. फी एका डॉलरने वाढली नाही तरीही. म्हणून सगळा हिशेब आजच्या दराने करून वर चांगली जागा सोडा. तो आकडा आणि बेळगाव-धारवाडच्या सरकारी कोट्यातल्या जागेचा आकडा एकाच कागदावर शेजारी लिहा. माझ्यासमोर हे करायला लावल्यावर निम्मे पालक गप्प होतात.

पायरी सहावी: कागद

इथे आपल्या भागाचा एक खास घोळ आहे. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला अधिकृतपणे बेळगावी झालं. त्याआधी जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग आणि आधार, पासपोर्टवर नवं, असं सर्रास दिसतं. तेवढं सहसा समजून घेतात. माणसाच्या नावातला फरक मात्र चालत नाही. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना दुसरंच, वडलांचं नाव कुठे मध्ये तर कुठे शेवटी, आडनाव कुठे आहे कुठे नाही. दहावीचं मार्कशीट प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, आणि हे निकालाआधी करा. पासपोर्टसाठी बेळगावात हेड पोस्ट ऑफिसातल्या सेवा केंद्रात काम होतं, हुबळीला जायची गरज पडत नाही. मराठी किंवा कन्नड दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. जॉर्जिया, रशिया, फिलिपाइन्ससाठी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतं. ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, त्याआधी राज्याकडून साक्षांकन.

मूळ मार्कशीट एजंटच्या ताब्यात देऊ नका. 'फाइलसाठी ठेवतो' म्हणाला तरी नको.

पायरी सातवी: पैसे कसे पाठवायचे

आधी कर्ज. 7 लाख 50 हजारांच्या वर बँका बहुधा तारण मागतात. आपल्याकडे लोक शेताचा उतारा घेऊन जातात, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घ्यायला बँका सहसा नाखूष असतात. घर, बिगरशेती प्लॉट किंवा एफडी असेल तर काम पुढे सरकतं. मग नाइलाजाने गल्लीतली सोसायटी, पतसंस्था. तिथे पैसे दोन दिवसांत मिळतात, पण व्याज चढं आणि शिकत असताना हप्ता न भरण्याची सवलत नाही. पाच वर्षं तो हप्ता कोण भरणार, याचं उत्तर असेल तरच तिकडे वळा. कर्नाटक मराठा समाज विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनांची चौकशी जिल्हा पातळीवर करा, आणि परदेशी अभ्यासक्रमाला त्या लागू आहेत का ते स्पष्ट विचारून घ्या.

फी थेट विद्यापीठाच्या खात्यात बँकेतून पाठवा. एजंटच्या खात्यात नको, रोख तर नकोच. एजंटला त्याच्या कामाचे पैसे वेगळे द्या आणि त्याची पावती वेगळी घ्या. 'सगळं पॅकेजमध्ये आहे सर' असं म्हणाला, तर पॅकेजमधली प्रत्येक रक्कम सुटी करून लिहून मागा.

आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर स्वतःचे पैसे शिक्षणासाठी बाहेर पाठवले तर बँक वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ कर) कापते. मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या पैशांवर तो लागत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, पण ती ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या नावावर जमा होते, आणि रिटर्न भरल्यावरच परत मिळते. वडील शेतकरी असतील आणि आजवर कधी रिटर्न भरला नसेल, तर पैसे कुणाच्या खात्यातून पाठवायचे हे पहिल्या हप्त्याच्या आधी सीएला विचारून ठरवा.